जुन्या फोर बाय फोरची बॅटरी उतरते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिप्सी, जुनी थार, बोलेरो, सफारी किंवा त्याहूनही जुनी जीप सांभाळणाऱ्या मुंबईकरांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सोमवारी उभी केलेली गाडी शुक्रवारी सेल्फ मारत नाही. मग नवी बॅटरी घेतली जाते, आणि दोन महिन्यांनी तीही उतरते. यात बॅटरीचा दोष बऱ्याचदा नसतोच. करंट कुठून जातोय ते मीटर लावून शोधावं लागतं, आणि धीर धरला तर ते घरच्या पार्किंगमध्येही जमतं.

गाडी करंट खातेय की बॅटरीच संपलीय, हे कसं ओळखायचं?

बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, म्हणजे चार्जिंगनंतर दिसणारा वरवरचा व्होल्टेज निघून जाईल. मग निगेटिव्ह केबल काढून बॅटरी रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी व्होल्टेज मोजा.

१२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. केबल काढलेली असतानाही रात्रीत १२.४ च्या खाली आली तर दोष बॅटरीचा. केबल काढल्यावर टिकते आणि जोडल्यावर उतरते, तर दोष गाडीत आहे.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. सहाही सेलचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने किंवा जास्त कमी असेल तर तो सेल गेला. अशा बॅटरीवर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

बॅटरीचा वरचा भागही बघा. ॲसिडचा ओलावा, धूळ आणि खारी हवा मिळून तिथे करंट वाहून नेणारा थर बसतो. मीटरची काळी पिन निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवून लाल पिन बॅटरीच्या प्लॅस्टिकवर फिरवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर बॅटरी वरच्या वर लीक होतेय. पाण्यात खायचा सोडा कालवून पुसा, साध्या पाण्याने स्वच्छ करा, कोरडी करा. सोड्याचं पाणी सेलमध्ये मात्र जाता कामा नये, त्याने ॲसिड मारलं जातं. वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा समुद्राजवळच्या भागात उघड्यावर गाडी उभी राहत असेल तर ही सफाई वर्षातून दोनदा करावी.

बंद गाडीतून किती करंट जाणं ठीक आहे?

ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) नसलेल्या जुन्या जीपमध्ये जवळजवळ काहीच जायला नको. घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमची मेमरी धरून १० ते २० मिलिअँपिअर. ईसीयू, सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म असेल तर ५० पर्यंत चालतं.

हिशोब सोपा आहे. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ७० अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी या वेगाने निम्मी व्हायला महिना लागतो. ३०० मिलिअँपिअर जात असतील तर तीच बॅटरी पाचव्या दिवशी निम्मी होते. ग्लव्ह बॉक्समधला ५ वॉटचा बल्ब जळत राहिला तर ४०० च्या वर जातात. बॅटरी चार वर्षांची असेल तर तिच्यावर ७० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तेवढे उरलेले नसतात, त्यामुळे दिवस आणखी कमी होतात.

मोजायला काय लागतं?

डिजिटल मल्टिमीटर, दोन मगर क्लिप लावलेली जाड वायर, १० नंबरचा पाना आणि टॉर्च. साधा मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो आणि या कामाला पुरतो. फक्त त्याच्या १० अँपिअरच्या भोकाला आत फ्यूज आहे की नाही ते वाचून घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच मीटरमध्ये नसतो आणि तिथे चुकून जास्त करंट गेला तर मीटरच जळतो. हे काम वारंवार करायचं असेल तर मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर घ्या. त्याला केबल काढावी लागत नाही. घेताना तो डीसी करंट मोजतो याची खात्री करा, कारण घरच्या वायरिंगचे क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतात.

मल्टिमीटर नेमका जोडायचा कसा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून क्रम सोडू नका.

१. किल्ली काढा आणि बोनेट उघडून ठेवा. बोनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. दार उघडं ठेवावं लागणार असेल तर दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद करा आणि चौकटीवरचं बटण टेपने दाबून ठेवा, म्हणजे गाडीला दार बंद आहे असंच वाटेल.

२. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात, काळी कॉममध्ये. मीटरची कळ डीसी १० अँपिअरवर. मिलिअँपिअरच्या भोकापासून सुरुवात करू नका, तिथला छोटा फ्यूज पहिल्या झटक्यात उडतो.

३. मगर क्लिपच्या वायरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरं निगेटिव्ह केबलच्या लगला, म्हणजे टर्मिनलवर बसणाऱ्या धातूच्या टोकाला, लावा. त्यानंतरच केबल टर्मिनलवरून उचला. करंट आता या वायरमधून जातोय, म्हणजे गाडीला बॅटरी तुटल्याचं कळलेलं नाही.

४. मीटरच्या पिना त्याच दोन जागी लावा : लाल केबलच्या लगला, काळी टर्मिनलला.

५. थांबा. ईसीयू नसेल तर पाच मिनिटं पुरतात. असेल तर अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त.

६. मगर क्लिपची वायर काढा आणि आकडा वाचा. साधा मीटर या रेंजवर १० मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी दाखवतो, म्हणजे ०.०४ म्हणजे ४० मिलिअँपिअर.

मगर क्लिपची वायर न लावता केबल काढून मीटर जोडला तर सगळी इलेक्ट्रॉनिक्स एकदम जागी होतात, मीटर दोन-तीन अँपिअर दाखवतो आणि नसलेला दोष दिसायला लागतो. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे हीटर) असलेल्या डिझेल गाडीत किल्ली नुसती ऑन केली तरी १० अँपिअरच्या कितीतरी वर करंट जातो.

आकडा जास्त आला. आता एकेक फ्यूज काढायचा का?

जुन्या, ईसीयू नसलेल्या गाडीत खुशाल काढा. मीटरकडे डोळे ठेवून एकेक फ्यूज उपसा. ०.४१ वरून आकडा ०.०३ वर पडला की तेच सर्किट. काढलेला फ्यूज लगेच परत लावू नका. सगळे काढून झाल्यावर एकेक लावत या, म्हणजे दोन दोष असतील तर दोन्ही सापडतात.

ईसीयू असलेल्या गाडीत फ्यूज काढून परत लावला की ती यंत्रणा पुन्हा जागी होते आणि पुन्हा अर्धा तास वाट पाहावी लागते. तिथे फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्ट मोजा. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून पिना तिथे टेकवा. शून्य म्हणजे करंट नाही. १० अँपिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर, १५ च्या फ्यूजवर २०० च्या आसपास, २० च्या फ्यूजवर ३०० च्या आसपास. काचेच्या नळीच्या फ्यूजला हे आकडे लागू नाहीत, पण शून्य की शून्याहून जास्त, एवढं तिथेही कळतं.

सर्किट सापडलं म्हणजे दोष सापडला असं नाही. केबिन लॅम्प, म्युझिक सिस्टिमची मेमरी, घड्याळ आणि सेंट्रल लॉकिंग हे सगळं बऱ्याचदा एकाच फ्यूजवर असतं. त्यातली एकेक वस्तू तिच्या कनेक्टरपाशी सोडवत जा.

या सर्किटवर जुन्या जीपछाप गाड्यांत एक दोष हमखास भेटतो, तो मागच्या दाराचा. बोलेरो, सफारी, जिप्सी यांची स्टेपनी मागच्या दारावर लटकते. वर्षानुवर्षांच्या वजनाने बिजागऱ्या खचतात, दार थोडं तिरकं बसतं आणि चौकटीवरचं बटण पुरतं दाबलं जात नाही. मागचा दिवा मग रात्रभर जळतो आणि पुढून दिसतही नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा आणि दार लावा, लगेच कळेल. ग्लव्ह बॉक्सलाही हीच युक्ती चालते.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही. मग?

म्हणजे करंट फ्यूज बॉक्सच्या आधीच वळतोय. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट जाणाऱ्या जाड वायरी मोजक्याच असतात : अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी भरणारा), सेल्फ, इग्निशन स्विचची मुख्य वायर, ग्लो प्लगचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि कुणीतरी नंतर टर्मिनलवर कसलेल्या वायरी. त्या नंतरच्या वायरी आधी सोडवा.

मग अल्टरनेटर. त्याच्या आतले डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा डायोड लीक झाला की बंद गाडीत बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जातो. गाडी बंद करून तीन-चार तास झाले, इंजिन गार पडलं, तरी अल्टरनेटर हाताला कोमट लागतो? किल्ली काढलेली असताना चार्जिंगचा दिवा मंद पेटतो? मग जवळपास नक्कीच डायोड. खात्रीसाठी बॅटरीची निगेटिव्ह पूर्ण सोडा, अल्टरनेटरच्या मागची जाड बी प्लस वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि मीटर पुन्हा लावा. आकडा खाली आला की दोष सापडला. जाड वायर काढूनही तो तसाच राहिला तर बारीक वायरींचा कनेक्टर सोडवून बघा.

दुसरी चाचणी चालू इंजिनवर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसत असेल तर डायोड गेलेत. एसी मोजताना काही स्वस्त मीटर डीसीलाही फसतात. म्हणून इंजिन बंद असताना एकदा मोजून बघा, तिथे शून्य यायला हवं.

बऱ्याच देशी डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं, ब्रश आणि डायोड खराब होतात. नुसते डायोड बदलून सील तसंच ठेवलं तर पैसे वाया जातात, दोन्ही एकाच वेळी करून घ्या. अगदी जुन्या, अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेल्या जीपमध्ये हेच काम कटआउट करतो. त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरी डायनॅमोत रिकामी होते.

बॅटरी तासा-दोन तासांत पूर्ण बसते. इतका करंट कोण खातं?

ग्लो प्लगचा रिले चिकटला असेल. एकेक प्लग १० अँपिअरच्या आसपास खातो, चार प्लग मिळून ४०. रिलेला हात लावून बघा, तापलेला असेल. ब्रेकच्या पेडलचा स्विच अडकला तर २१ वॉटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर खातात आणि गाडी रात्रीत बसते. पेडलखालचा रबरी तुकडा झिजून पडला की हा स्विच चालूच राहतो. तुकडा पाच-दहा रुपयांचा असतो.

फोर बाय फोरच्या यंत्रणेतून करंट जातो का?

लिव्हर ओढून टू हाय, फोर हाय, फोर लो बदलणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) एक स्विच आणि डॅशबोर्डवर एक दिवा असतो, तोही इग्निशननंतरच्या लाइनवर. किल्ली काढल्यावर त्यातून सहसा काही जात नाही. बटण फिरवून गिअर बदलणाऱ्या गाडीत मात्र कंट्रोल युनिट आणि शिफ्ट मोटर असते. मोटर गाडीच्या पोटाखाली, चिखल-पाण्यात असते आणि तिच्यासोबतचा पोझिशन सेन्सर गंजतो. गिअर नेमका कुठे आहे ते युनिटला कळत नाही आणि काही गाड्यांत ते झोपी जात नाही. त्या युनिटचा फ्यूज काढल्यावर आकडा पडत असेल तर आधी शिफ्ट मोटरचा कनेक्टर उघडून साफ करा. युनिट महाग असतं, त्याचा नंबर शेवटी.

विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी मोटर) असेल तर ती पहिली संशयित. तिची जाड केबल थेट बॅटरीला जोडलेली असते आणि सोलेनॉइडच्या (तिच्या मोठ्या स्विचच्या) डब्यात पाणी शिरलं की करंट झिरपतो. ओढताना विंच ३०० अँपिअरच्या वर घेऊ शकते. तेवढ्या ताकदीची वायर बंपरच्या पत्र्याला घासून सोलली तर गाडी पेटते. विंचला स्वतंत्र कट-ऑफ स्विच असलाच पाहिजे.

नंतर बसवलेल्या वस्तूंचं काय?

बरेच दोष इथेच सापडतात. डॅशकॅमचा पार्किंग मोड रात्रभर २०० ते ३०० मिलिअँपिअर घेतो. ॲम्प्लिफायरची रिमोट वायर इग्निशनऐवजी थेट बॅटरीला जोडली तर तो कधीच बंद होत नाही. छतावरच्या एलईडी पट्टीचा रिले उलटा जोडला तर पट्टी बंद दिसते, पण रिलेची कॉइल सतत १५० मिलिअँपिअरच्या आसपास ओढत राहते. जीपीएस ट्रॅकर झोपेत थोडाच करंट घेतो, पण बेसमेंटमध्ये नेटवर्क मिळालं नाही तर शोधत राहतो आणि खर्च वाढतो.

डॅशबोर्डखाली हात घाला. फॅक्टरीच्या वायरी काळ्या गुंडाळीत एकत्र बांधलेल्या असतात. वेगळ्या रंगाची, नुसती पीळ देऊन टेप मारलेली वायर दिसली की ती कुठे जाते ते शोधा.

फास्टॅगमुळे बॅटरी उतरते का?

नाही. त्याला बॅटरी लागत नाही आणि तो गाडीच्या वायरिंगला जोडलेलाही नसतो.

कधी उतरते, कधी नाही. असा दोष कसा पकडायचा?

चिकटणारा रिले, झिजलेला इग्निशन स्विच किंवा ओलावा, या तिघांपैकी एक धरून चला. जुन्या स्विचमध्ये किल्ली ॲक्सेसरीवर असतानाही निघते, मग ब्लोअर किंवा म्युझिकची लाइन चालू राहते. किल्ली काढल्यावर खिडकीच्या काचा किंवा ब्लोअर चालतो का बघा. रिलेसाठी, त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून काही दिवस गाडी वापरा. दोष रिलेबरोबर हलला तर रिलेच बदला. मीटरवर आकडा ठीक दिसत असेल तर गाडी हलवून बघा : हार्नेस (वायरींची गुंडाळी) हाताने हलवा, दारं उघडून लावा, ब्रेक दाबून सोडा, रिमोटने लॉक करा, आणि पुन्हा मोजा.

फक्त पावसाळ्यात त्रास होतो. का?

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून उंच गाडी निघून जाते, पण पाणी दाराच्या खालून आत येतं आणि कार्पेटखाली आठवडाभर राहतं. वायरिंगचे बरेच जोड तिथेच, उंबऱ्यालगत असतात. गटारमिश्रित पाणी साध्या पाण्यापेक्षा करंट चांगला वाहून नेतं, त्यामुळे कनेक्टरच्या दोन पिनांमधून हळूहळू करंट जातो आणि तांब्यावर हिरवट पूड चढते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. कार्पेट उचला, मजल्याची रबरी बुचं काढून पाणी जाऊ द्या. कनेक्टर उघडून स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पुन्हा पूर्ण वाळू द्या, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. हिरवी झालेली पिन घासून वापरू नका, बदला. पुढच्या काचेचं रबर कडक झालं असेल तर पाणी थेट फ्यूज बॉक्सवर ठिबकतं, तेही बघून घ्या.

गाडी रोज चालते, तरी बॅटरी उतरते. लीकेजही सापडत नाही.

मग जमा कमी आणि खर्च जास्त आहे. पावसात, संध्याकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी रांगत असते. हेडलाइटला १० अँपिअर, ब्लोअरला १० ते १५, एसीच्या पंख्याला तेवढेच, वायपरला ४-५. एकूण ४० च्या घरात. जुना अल्टरनेटर आयडलिंगला त्याच्या क्षमतेच्या निम्माही देत नाही. उरलेला करंट बॅटरीतून जातो.

इंजिन १५०० आरपीएमवर ठेवून व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ यायला हवा. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावून आयडलिंगला मोजा. १३ च्या खाली घसरत असेल तर बेल्टचा ताण, रेग्युलेटर (अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा भाग) आणि ब्रश तपासा. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय.

अर्थिंगही बघा. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि इंजिन ब्लॉकवर लावावा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर इंजिनपासून चेसीसपर्यंतची अर्थ पट्टी काढून दोन्ही बाजूंचा रंग-गंज खरवडा किंवा पट्टी नवी टाका. अर्थ खराब असेल तर भरलेली बॅटरीही उतरल्यासारखी वागते.

उतरलेली बॅटरी गाडी चालवून भरते का?

पूर्ण भरत नाही. पार उतरलेली ७० अँपिअर-तासांची बॅटरी दादरहून अंधेरी गाठेपर्यंत जेमतेम पुन्हा सेल्फ मारण्याइतकी होते. ७ अँपिअरच्या चार्जरवर दहा-बारा तास ठेवा. जवळ कुणी बिडी-सिगारेट पेटवू नये, चार्जिंगला हायड्रोजन निघतो. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी : पॉझिटिव्ह सोडताना पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. हातातली अंगठी काढून ठेवा. आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल कधीही काढू नका. अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू जळू शकतो.

गाडी महिन्यातून दोनदाच निघते. काय करू?

निगेटिव्ह केबलवर कट-ऑफ स्विच बसवा. ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत मिळेल. सेल्फचा करंट पेलणारा घ्या, निदान २०० अँपिअरचा. म्युझिक सिस्टिमला पिन लागत असेल तर ती आधी लिहून ठेवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी वॉचमन हलवत असेल तर त्याला स्विच दाखवून ठेवा, नाहीतर तो जंप स्टार्टच्या केबली शोधत बसेल. हा स्विच लावल्याने लीकेज दुरुस्त होत नाही. आकडा ५० च्या वर असेल तर आधी दोष काढा, कारण शॉर्ट होणारी वायर गाडी चालू असतानाही शॉर्टच असते.

वायरमनकडे नेताना काय सांगावं?

"बॅटरी उतरते" एवढंच सांगितलं तर तो बॅटरीच बदलेल. कागदावर लिहून न्या : रात्रभर केबल काढून ठेवल्यावरचा व्होल्टेज, बंद गाडीचा करंट, कोणता फ्यूज काढल्यावर तो किती झाला, चालू इंजिनवरचं चार्जिंग. काम झाल्यावर त्याच्याच मीटरवर बंद गाडीचा करंट मोजून दाखवायला सांगा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या.